हा रेज रोजचा आहे का आजचा?

पोकरच्या टूर्नामेंटमध्ये मला सगळ्यात महाग पडलेला रेज, म्हणजे समोरच्याने वाढवलेली रक्कम, ऑल-इन (सगळ्या चिप्स एकदम पुढे) नव्हता, तो फक्त बिग ब्लाइंडच्या दुप्पट होता. ब्लाइंड (दर हँडला दोघांनी आधीच टाकायची सक्तीची रक्कम, स्मॉल आणि बिग) १,०००/२,०००, बिग ब्लाइंड अँटे (बिग ब्लाइंडवाल्याने सगळ्यांच्या वतीने टाकायची वरची रक्कम) २,०००, पैशात यायला अजून दहाबारा जण बाद व्हायचे होते, मी बिग ब्लाइंडवर आणि अँटे टाकून झाल्यावर माझ्याकडे ४४ हजार म्हणजे २२ बीबी (बिग ब्लाइंड). बोलायच्या क्रमात मधल्या पोझिशनला बसलेल्या एका शांत माणसाने, त्याच्याकडे २६ हजार होते, चार हजार पुढे सरकवले. बाकी सगळे फोल्ड, म्हणजे पत्ते सोडून बाहेर. माझ्याकडे एक्का-गुलाम ऑफसूट, म्हणजे वेगवेगळ्या चिन्हांचे. मी मनात म्हटलं, १३ बीबीवाल्याकडे खरंच पत्ते असते तर तो ऑल-इन गेला असता, हा नुसतं दुप्पट करतोय म्हणजे चाचपडतोय, जरा दम दिला की सोडेल. मी ऑल-इन म्हणाले. माझा शब्द पुरा व्हायच्या आत त्याने कॉल केला, म्हणजे तेवढेच पुढे टाकले, आणि दोन राजे टेबलावर ठेवले.

राजांच्या जोडीसमोर एक्का-गुलामला जिंकायची शक्यता तीस टक्क्यांच्याही आत असते. एक्का आला नाही, माझ्याकडे १८ हजार उरले आणि अजून दोन राउंड झाले तोवर मी टेबलावरून उठले होते, पैशात न येता.

हरल्याचं दुःख फार टिकलं नाही, तसे रोज कोणी ना कोणी हरतंच. पण घरी येऊन हँड परत आठवायला बसले तेव्हा एक गोष्ट टोचायला लागली ती आजपर्यंत टोचते. हा माणूस तासाभरात माझ्यासमोर दोनदा ऑल-इन गेला होता. पहिल्यांदा ७ बीबीवर, कॉल झाला, त्याने एक्का-सत्ती दाखवली आणि डबल झाला. दुसऱ्यांदा १४ बीबीवर, सगळ्यांनी फोल्ड केलं आणि त्याने स्वतःहून चव्वीची जोडी दाखवून पत्ते टाकले. म्हणजे ज्या पत्त्यांना कॉल नको होता ते पत्ते घेऊन तो ऑल-इन जात होता, हे त्याने मला चक्क उघडून दाखवलं होतं. मग तोच माणूस, जवळजवळ तोच स्टॅक (चिप्सचा साठा), आणि आता फक्त दुप्पट. मी रेज किती आहे ते बघितलं, तो नेहमी किती करतो ते आठवलंच नाही.

तेव्हापासून छोटा रेज दिसला की मी आधी पत्त्यांचा विचारच करत नाही. आधी एवढंच विचारते की हा रेज रोजचा आहे का आजचा. म्हणजे हा माणूस दर वेळी एवढंच करतो, का आज या हँडला मुद्दाम एवढं केलंय. या एका प्रश्नाने माझा खेळ जेवढा बदलला तेवढा कुठले पत्ते खेळायचे ते सांगणाऱ्या कुठल्याच चार्टने बदलला नाही.

आता हा प्रश्न का लागतो ते सांगते, कारण नव्याने खेळायला लागलेल्यांना अजूनही वाटतं की छोटा रेज म्हणजे कमजोर पत्ते आणि मोठा रेज म्हणजे दमदार पत्ते. कधी काळी हे थोडंफार खरं असेल. २००३ मध्ये ख्रिस मनीमेकर ८३९ जणांमधून वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मेन इव्हेंट जिंकला, त्या काळात बिग ब्लाइंडच्या तीन पट ओपन, म्हणजे हँडमधला पहिला रेज, ही साधी रीत होती, त्यापेक्षा मोठंही लोक सर्रास करायचे. नंतर ऑनलाइन टूर्नामेंट वाढल्या, लोक हजारो हँड खेळून आकडेमोड करायला लागले आणि ओपन हळूहळू खाली आलं, तीनवरून अडीच, मग सव्वादोन, मग सरळ दुप्पट. आता चांगल्या खेळाडूंच्या टेबलावर दोन ते अडीच पट हेच नॉर्मल आहे.

त्यामागचा हिशोब अगदी सोपा आहे आणि एकदा स्वतः करून बघितला की डोक्यात पक्का बसतो. समजा ब्लाइंड ५००/१,००० आणि अँटे १,०००. पत्ते वाटल्या वाटल्या मध्ये २,५०० पडलेत. मी दुप्पट म्हणजे २,००० केले तर २,५०० मिळवायला २,००० लावले, म्हणजे १०० पैकी साधारण ४४ वेळा सगळे फोल्ड झाले तरी पुढे काहीही न खेळता माझं नुकसान नाही. तेच मी ३,००० केले तर मला जवळपास ५५ वेळा फोल्ड हवेत. पॉट (मध्ये पडलेले पैसे) तोच, रिस्क दीडपट. त्यात टूर्नामेंटमध्ये ब्लाइंड वाढत जातात म्हणून स्टॅक बीबीमध्ये आक्रसत जातो, सुरुवातीला १०० असतात आणि मधल्या टप्प्यात बऱ्याच जणांकडे २०-३० उरतात. २० बीबीवाल्याने तीन पट ओपन करून फोल्ड करायचं म्हणजे स्टॅकचा सातवा हिस्सा सोडायचा. दुप्पट केलं तर दहावा. म्हणून स्टॅक लहान तसं ओपन लहान. यात घाबरणं नाही की नाटक नाही, फक्त काटकसर आहे.

तर ज्याने हा हिशोब केलाय तो एक्क्यांची जोडी असो की सत्ती-छक्की, बटनवरून (डीलरच्या जागेवरून) दुप्पटच करतो. त्याचा छोटा रेज वाचायला गेलात तर कोऱ्या पानावर काहीतरी वाचल्यासारखं होईल, तिथे आकारात काही लिहिलेलंच नाहीये. त्याच्याकडे काय आहे हे पोझिशन सांगते. अंडर द गन, म्हणजे सगळ्यात आधी बोलायच्या जागेवर, बसून नऊ जणांच्या टेबलावर दुप्पट केलं म्हणजे अजून आठ जण बोलायचे आहेत तरी तो आत आला, रेंज (त्याच्याकडे असू शकणारे सगळे पत्ते) घट्ट. बटनवरून केलं म्हणजे फक्त दोन जण उरलेत, रेंज ऐसपैस. आकार एकच, अर्थ वेगळा. मी कितीतरी दिवस या दोन रेजना एकाच पद्धतीने उत्तर द्यायचे कारण माझ्या डोळ्याला चिप्स तेवढ्याच दिसायच्या.

बिग ब्लाइंडवर बसलं की याचा सगळ्यात जास्त त्रास होतो कारण तिथे भाव फार स्वस्त मिळतो. वरच्याच आकड्यांत, २,००० चा रेज, स्मॉल ब्लाइंड गेला, पॉटमध्ये आता ४,५०० आहेत आणि मला फक्त १,००० टाकायचे आहेत. म्हणजे साधारण १८ टक्के वेळा जिंकले तरी पैसे वसूल. आता १८ टक्के म्हणजे किती कमी ते बघा, एक्क्यांच्या जोडीसमोर सत्ती-छक्की सूटेडला (दोन्ही एकाच चिन्हाचे) सुद्धा २२-२३ टक्के असतात. हे कळल्यावर मी एक अख्खा सीझन बिग ब्लाइंडवरून काहीही घेऊन कॉल केलं. राणी-चव्वी, राजा-तिर्री, गुलाम-पंजी, भाव मिळतोय ना, टाका हजार.

आणि स्टॅक गळायला लागला. एका फटक्यात नाही, थोडा थोडा. कारण त्या १८ टक्क्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते की तुम्ही रिव्हरपर्यंत, म्हणजे टेबलावरच्या पाचव्या, शेवटच्या पत्त्यापर्यंत, फुकट जाणार. प्रत्यक्षात फ्लॉप (पहिले तीन पत्ते) येतो, तुम्हाला आधी बोलावं लागतं, तुम्ही चेक करता (काही न लावता पुढच्याला बोलू देता), तो बेट करतो आणि निम्म्याहून जास्त वेळा तुम्ही तिथेच फोल्ड होता. कधीकधी तर त्याच्याकडे काहीच नसतं आणि टर्नवर (चौथ्या पत्त्यावर) तुमची जोडी लागणार असते, पण टर्न बघायला तुम्ही असायला तर हवं. कागदावरचे २५ टक्के टेबलावर १५-१६ होतात, खेळणारा जेवढा कच्चा तेवढे अजून कमी. आणि उलट्या बाजूने बघितलं तर जेव्हा लागतं तेव्हा जास्त जातं. राणी-चव्वीवर राणी आली, तीन बेट कॉल केल्या, समोर राजा-राणी. हे माझ्यासोबत इतक्यांदा झालंय की मी मोजणं सोडलं.

म्हणून आता अंडर द गनच्या दुप्पटवर मी राजा-गुलाम ऑफसूट बघून आधी थांबते, आणि सत्ती-छक्की सूटेड जास्त खुशीने कॉल करते, दिसायला ते कितीही उलटं वाटलं तरी. घट्ट रेंजमध्ये एक्का-राजा असतो, राजा-राणी असते, एक्का-गुलाम असतो, मोठ्या जोड्या असतात, त्या सगळ्यांसमोर माझा राजा-गुलाम लागला तरी अडकतो. सत्ती-छक्की लागली तर कळतं की लागली आणि नाही लागली तर सोडायला जीव जात नाही. तोच रेज बटनवरून आला की राजा-गुलाम माझ्यासाठी मस्त पत्ते आहेत, कधी कधी तर मी थ्री-बेट, म्हणजे त्याच्या रेजवर परत रेजही करते.

इथपर्यंत रोजचे रेज झाले. आता आजचे, म्हणजे जे नेहमीपेक्षा वेगळे येतात.

सगळ्यात जास्त सापडणारा प्रकार माझ्या राजांच्या हँडमधला, छोट्या स्टॅकचा मिन-रेज, म्हणजे कमीत कमी रेज. ज्याच्याकडे १२ बीबी आहेत तो दुप्पट करतो तेव्हा पुढचा हिशोब काय होतो बघा. मी बिग ब्लाइंडवरून ऑल-इन केलं तर त्याला अजून १० बीबी टाकायचे आणि पॉटमध्ये साडेपंधरा पडलेत, म्हणजे त्याला ३९ टक्के पुरतात. असा भाव मिळत असताना बहुतेक लोक बऱ्यापैकी पत्ते सोडत नाहीत. मग मी ज्याला दम देऊन पळवायला निघाले होते तो पळणारच नव्हता, त्याच्या हातात काहीही बरं असतं तरी. इथे एक सांगायलाच हवं, चांगले अभ्यासू खेळाडू १२-१५ बीबीवरही बटनवरून किंवा कट-ऑफवरून (बटनच्या आधीच्या जागेवरून) दुप्पट करून थ्री-बेटला फोल्ड करतात, ते त्यांच्या प्लॅनचा भाग असतो, एक्क्यांसोबत ते राजा-आठ्ठीही तसंच खेळतात. म्हणून १२ बीबीचा मिन-रेज म्हणजे मोठी जोडी असा नियम करून ठेवला तर परत फसाल. तो अर्ध्या तासात तीन वेळा असा मिन-रेज करतोय का, का इतका वेळ ऑल-इन नाहीतर फोल्ड एवढंच चाललं होतं आणि आज पहिल्यांदाच दुप्पट आलंय, हे आठवलं की उत्तर बहुतेक वेळा मिळतं.

दुसरा प्रकार मिनी थ्री-बेट, तो मला फार आवडतो कारण त्यात पैसे वाचवता पण येतात आणि मिळवता पण येतात. मी २,२०० ओपन केलं, बीबी १,०००, आणि कोणीतरी ३,४०० केलं. नियमाप्रमाणे माझा रेज १,२०० ने वर गेला होता, म्हणून पुढच्याला किमान तेवढंच अजून वर जावं लागतं, हा त्याचा कमीत कमी रेज. जे रोज गंभीरपणे खेळत नाहीत त्यांच्याकडून हा आला की बहुतेक वेळा मोठी जोडी असते, एक्के, राजे, फारतर राण्या. त्यांना पॉट वाढवायचाय पण आपल्याला हाकलायचं नाहीये, म्हणून हळूच. आता मला काय भाव मिळतोय? पॉटमध्ये ८,१०० आणि मला टाकायचे १,२००. माझ्याकडे पंजीची जोडी असेल तर फ्लॉपवर सेट (जोडीला तिसरा तसाच पत्ता) लागायची शक्यता साधारण साडेआठात एकदा. म्हणजे भाव एकट्याने पुरत नाही, पण दोघांकडेही ५०-६० बीबी असतील तर सेट लागल्यावर तो एक्के सोडणार नाही आणि तिथे सगळं वसूल होतं. हीच पंजी १८ बीबीवर असेल तर मागे मिळवायला काही उरलेलंच नसतं, तिथे हा स्वस्त दिसणारा कॉल बराचसा आशेवरच असतो. आणि कॉल केल्यावर सेट लागला नाही तर दहाची जोडी असली तरी मी फ्लॉपवर हट्ट करत नाही, आठ-चार-दोन कितीही छान दिसू दे. स्वतःला आधी सांगून ठेवते की तू सेटसाठी आलीस, नाही लागला, आता निघ. एक बेट फारतर, त्यापुढे नाही.

फक्त हेही माणूस बघून. २५-३० बीबीच्या स्टॅकवर, पोझिशन घेऊन, नियमित खेळणारे लोक लहान थ्री-बेट खूप करतात आणि त्यात ब्लफ भरपूर असतात. तिथे मोठी जोडी समजून पत्ते सोडत बसलात तर ते तुम्हाला दर राउंडला लुटतील.

फ्लॉपनंतरचे छोटे रेज, यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवलाय आणि अजूनही इथेच जास्त चुकते. फ्लॉपवर पॉट ६,०००, मी २,००० बेट केली, त्याने ४,००० केले. मला २,००० टाकून १२,००० मिळतील, साधारण १४ टक्के पुरतात. फ्लश ड्रॉ (एकाच चिन्हाचे पाच व्हायला एक कमी) नऊ पत्त्यांचा असतो, एका पत्त्यात १९ टक्के, स्ट्रेटचा (ओळीने पाच पत्ते) दोन्हीकडून उघडा ड्रॉ १७ टक्के, दोन्हीला पुढच्या एका पत्त्यासाठीच भाव आहे. नुसती मधली एक जागा रिकामी असलेल्या स्ट्रेटला साडेआठ टक्के, तिथे एका पत्त्याचा भाव नाही, पण मागे मोठे स्टॅक असतील तर विचार करण्यासारखं. म्हणजे फ्लॉपवरच्या मिन-रेजला फोल्ड करणं बहुतेक वेळा घाई असते. आणि तिथे लोक कशाकशावर करतात म्हणाल तर सगळ्यावर, ड्रॉवर, मधल्या जोडीवर “माझं चालतंय का” बघायला, सेटवर, आणि अभ्यासू लोक राजा-सत्ती-दुर्रीसारख्या कोरड्या फ्लॉपवर चेक करून छोटा रेज मुद्दाम ब्लफसकट करतात कारण स्वस्तात खूप दबाव येतो. त्यामुळे फ्लॉपवरच्या छोट्या रेजवरून मी फार निष्कर्ष काढत नाही, भाव बघते, कॉल करते, टर्नवर तो काय करतो ते बघते. टर्नला तो चेक करून बसला तर बहुतेक वेळा फ्लॉपवरचा रेज स्वस्तात पत्ता बघायला होता, फुकट पत्ता मिळवायची ही जुनी युक्ती आहे.

टर्नवरचा छोटा रेज वेगळा, त्याला मी बराच मान देते. आणि रिव्हरवरचा तर पूर्णच वेगळा.

रिव्हरचं एक उदाहरण सांगते म्हणजे कळेल. माझ्याकडे एक्का-राणी, बोर्डवर राणी-नव्वी-छक्की-दुर्री आणि रिव्हरला आठ्ठी. फ्लश शक्य नाही. पॉट १०,०००, मी ५,००० बेट केली, समोरच्या काकांनी, वय बरंच होतं, सगळ्यांशी गोड बोलत होते, पाच हजारांच्या दोन चिप्स ठेवल्या आणि हळू आवाजात दहा म्हणाले. मला ५,००० टाकायचे, पॉटमध्ये २५,०००. १६-१७ टक्के. सहात एकदा जरी ते ब्लफ करत असतील किंवा माझ्यापेक्षा हलकी राणी घेऊन रेज करत असतील तरी कॉल बरोबर. आणि इथेच माणूस फसतो, कारण भाव बघितला की हात आपोआप चिप्सकडे जातो. पण प्रश्न असा विचारायला हवा की हे काका, जे दुपारपासून एकदाही रिव्हरला रेज करून पकडले गेलेले नाहीत, ते ब्लफ करायचा असता तर मला एवढा स्वस्त कॉल दिला असता का? ब्लफ करणाऱ्याला फोल्ड हवा असतो. फोल्ड हवा असेल तर तो २० मागतो, ३० मागतो, ऑल-इन जातो. पाच हजार अजून मागणारा माणूस मला जायला सांगत नाहीये, थांबायला सांगतोय. मी तरीही कॉल केलं. दश्शी-सत्ती, छक्की ते दश्शी स्ट्रेट. त्यांनी चिप्स ओढताना मला “सॉरी बेटा” म्हटलं, आणि खरंच मनापासून म्हटलं.

नंतर मी माझ्या वहीत जुन्या हँड शोधल्या. मला आलेले रिव्हरचे मिन-रेज, ज्यात पत्ते शेवटी दिसले, त्यातले जवळजवळ सगळे मजबूत होते, हरणारा सापडला तो एकदाच आणि त्या माणसाने पत्ते चुकीचे वाचले होते. हा काही अभ्यास नाही, माझ्या एकटीची वही आहे. पण त्यानंतर अनोळखी माणसाचा रिव्हर मिन-रेज आला की मी एका जोडीवर कॉल करत नाही, भाव सहात एकचा असला तरी. सहात एकदा ब्लफ तर असायला हवा ना.

बबलची, म्हणजे पैशात यायच्या अगदी आधीच्या टप्प्याची, गोष्ट मात्र थोडी वेगळी. ४५ जणांना पैसे आणि ४७ उरलेत, टेबलावर एकाकडे ८० बीबी, तो जवळजवळ प्रत्येक हँडला दुप्पट करतो. इथे तो तुमच्या पत्त्यांशी खेळतच नसतो, तुम्हाला आत्ता बाद व्हायचं नाहीये या गोष्टीशी खेळतो. टूर्नामेंटमध्ये जिंकलेली चिप हरलेल्या चिपपेक्षा कमी मोलाची असते, आयसीएमचं (चिप्सचं बक्षिसाच्या पैशातलं मोल काढायची पद्धत) सगळं गणित तेच सांगतं, आणि बबलवर हा फरक सगळ्यात जास्त टोचतो, खास करून मधल्या स्टॅकवाल्यांना, ज्यांच्यापेक्षा लहान तीनचार जण अजून बसलेत. त्या मोठ्या स्टॅकचा मिन-रेज म्हणजे अर्धी रद्दी असू शकते आणि तरीही तुमचा एक्का-दश्शीचा फोल्ड बरोबर असू शकतो, दोन्ही एकाच वेळी. मला हे पचायला फार वेळ लागला, मला वाटायचं तो खोटं बोलतोय हे कळलंय तर पकडायलाच हवं. पण त्याच टेबलावर २२ बीबीवाल्याने, जो दहा मिनिटं हललाही नाही, दुप्पट केलं तर तो आकार कितीही लहान असू दे, मी राण्या असतील तरच आनंदाने आत जाते. त्यालाही बाद व्हायचं नाहीये, तरी तो आला.

अजून एक प्रकार राहिला, चुकून झालेला छोटा रेज, समोरासमोर खेळताना हा बराच येतो. ब्लाइंड ८००/१,६०० वरून १,०००/२,००० झाले, एकाला लेव्हल बदलल्याचं लक्षात नाही, त्याने न बोलता ३,२०० पुढे केले. जुन्या लेव्हलचं बरोबर दुप्पट. आता बऱ्याच ठिकाणी टूर्नामेंट टीडीएच्या (टूर्नामेंट डिरेक्टर्स असोसिएशनच्या) नियमांनी चालतात, त्यात असं आहे की कमीत कमी रेजच्या निम्मे किंवा त्याहून जास्त पैसे टाकले असतील तर रेज पूर्ण करावाच लागतो. २,००० वर त्याचे १,२०० जास्त आहेत, म्हणजे ६० टक्के, तर डीलर त्याला ४,००० पुरे करायला लावतो. आणि एकच मोठी चिप न बोलता टाकली तर तो कॉल धरतात, रेज करायचा मनात असला तरी. अशा वेळी मला लोक हळूच एकमेकांकडे बघताना दिसतात, मिन-रेज केलाय, काय असेल. काही नसेल, त्याने बोर्डवरची लेव्हल बघितली नव्हती एवढंच. पण यातून एक कळतं की त्याला रेजच करायचा होता, आणि जुन्या आकड्यात दुप्पटच करायचा होता, म्हणजे दुप्पट हा त्याचा रोजचा आहे. ते मी लिहून ठेवते.

लिहिणं मी ब्रेकमध्ये करते, छोट्या वहीत, नावं नाही, सीटचे नंबर. सीट ३, बटनवरून सव्वादोन, पुढून अडीच. सीट ८, चांगले पत्ते तीन, बाकी दोन, असा सरळ सांगणाराही भेटतो. एका टूर्नामेंटमध्ये दोनतीन जणांचंच लिहून होतं, तेवढं पुरतं.

मागच्या वेळी सीट ६ च्या समोर माझ्याकडे लिहिलेलं होतं, “कायम अडीच”. तीन तासांत एकदाही बदललं नव्हतं. मग ब्रेकनंतर दुसऱ्याच हँडला त्याने अंडर द गन बरोबर दुप्पट केलं. मी कट-ऑफवर, राजा-राणी ऑफसूट. मला आतून खात्री वाटली, आज काहीतरी खास आहे, आणि मी फोल्ड केलं. बिग ब्लाइंडने कॉल केलं, दोघांनी रिव्हरपर्यंत चेक केलं आणि सीट ६ ने नव्वी-आठ्ठी चौकट दाखवली, काहीच न लागलेली. राजा-राणी त्या पोझिशनसमोर सोडणं तसं फार चूक नव्हतं, पण मी ज्या कारणाने सोडलं ते कारण चूक होतं. मग बघितलं तर ब्रेकच्या आधी एका मोठ्या पॉटमध्ये त्याचे निम्मे चिप्स गेले होते, ब्लाइंड वाढले होते, आणि आता त्याच्याकडे जेमतेम २२ बीबी होते. पुढच्या तासात तो चार वेळा आत आला, चारही वेळा दुप्पट. वहीत “कायम अडीच” खोडलं आणि त्याच्यापुढे “२५ बीबीच्या खाली गेला की दोन” लिहिलं, तोवर पुढचे पत्ते वाटून झाले होते.